दुहेरी गोल

बुधवार, रात्र. झोपेचा पत्ता नाही.

त्या गोलाला दोन रेघा का? दुपारपासून एवढंच डोक्यात घोळतंय. समुपदेशनाच्या पन्नास मिनिटांत बाकी काय काय झालं, रडूनही झालं (टेबलावरचा टिश्यूचा डबा मीच जवळ ओढला, समुपदेशिकेने सरकवला नाही, हे मी लक्षात ठेवलंय). पहिल्याच दिवशी तिने सांगितलं होतं, इथलं बोलणं इथेच राहील, कुणाच्या जिवाला धोका असेल तेवढं सोडून. मीच काहीतरी बरोबर घेऊन आले. तो गोल.

कोऱ्या कागदावर ती पेन्सिलीने आमचं घर काढत होती. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, गेलेल्या माणसावर फुली. बाबांच्या चौकोनावर फुली मारताना तिने पेन्सिल हलकीच टेकवली, ते बरं वाटलं. मग आई, दादा, वहिनी, मी, हा, पिल्लू. मग नात्यांच्या रेघा. पटत नसेल तर नागमोडी, लांब गेलेलं असेल तर तुटक, फारच गुंतलेलं असेल तर तीन समांतर. आई आणि मी, इथे येऊन ती थांबली. मी म्हटलं, "तीन काढा." लगेच म्हटलं, "नाही, नागमोडी." ती म्हणाली, दोन्ही एकावर एक काढता येतात. काढल्या. नुसता गिचमिड काला. अगदी आमच्यासारखा.

आणि माझ्या गोलाभोवती आणखी एक गोल.

"हे कशाला?"

"नकाशा कुणापासून काढलाय ते कळावं म्हणून."

बरं. रीतच आहे तशी. पण शाळेत चुकलेल्या शब्दाभोवती बाई लाल गोल करायच्या ना, मला तोच दिसला.

म्हणजे बोलत नाहीत ते दोघं. आई आणि दादा. का, ते सगळ्यांना ठाऊक आहे, पुन्हा लिहीत नाही. आणि खुर्चीत जाऊन बसली कोण, तर मी. फॉर्मवर तीन चौकटी होत्या: वैयक्तिक, जोडपं, कुटुंब. पेन हातात धरून मी कितीतरी वेळ बसले होते. कुटुंबावर खूण करायची तर बरोबर कुटुंब हवं. जोडप्याचं ह्याला विचारून झालं होतं. "तू जा, तुला बरं वाटत असेल तर." तुला बरं वाटत असेल तर! सर्दी झाली म्हणून वाफ घ्यायला निघाले होते का मी? असो, ते वेगळंच प्रकरण आहे.

तरी आज तिला विचारलंच, पुढेमागे हा तयार झाला तर? तर म्हणे, दोघांसाठी दुसरं कुणीतरी बघू. इतके आठवडे मी फक्त तुमचं ऐकलंय, त्यांना इथे येतानाच एकटं पडल्यासारखं होईल. मला रागच आला. घरात नाही ते नाही, निदान इथे तरी माझ्या बाजूचं एक माणूस हवं होतं मला.

रात्री वाचत बसले. मरे बोवेन नावाचा अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ, ह्या नकाशांचं मूळ त्याच्यापाशी जातं. १९५४ ते १९५९ या काळात त्याने संशोधनासाठी पेशंटबरोबर त्यांच्या आयांना आणि पुढे अख्खी कुटुंबंच वॉर्डात राहायला ठेवली होती. वाचून मला फार बरं वाटलं. आई खिडकीजवळच्या खाटेवर, दादा दाराजवळच्या, हा मधे, चार्ट हातात घेऊन. मी फक्त भेटायला जाणार, संध्याकाळी, तासभर.

पण हाच गृहस्थ पुढे म्हणतो की सगळ्यांनी यायची गरज नाही, ज्याला बदलायचंय असा एक जण पुरतो. म्हणजे पुन्हा मीच!

त्याचा त्रिकोण मात्र पटला. दोघांमधला ताण दोघांना पेलेनासा झाला की ते तिसऱ्याला आत ओढतात. तिनेही आज विचारलं, "तुम्ही मधे नसलात तर काय करतील ते?"

"भांडतील."

"मग?"

मला काही सुचेना, तेवढ्यात वेळ संपली. घड्याळ माझ्या खुर्चीच्या मागे आहे. तिला दिसतं, मला नाही.

ओढतात हे खरं. पण मी काही फरफटत जात नाही, हे आता लिहिताना कळतंय. दोघंही फोन आधी मला करतात आणि ते मला आवडतं. दादा "ठीक आहे" म्हणाला की आईला मी सांगते, "बरं वाटलं गं त्याला." आई "त्याला काय पडलंय" म्हणाली की दादाला सांगते, "तुझी चौकशी करत होती." गेली दोन वर्षं ते दोघं एकमेकांवर रागावलेत की मी रचलेल्या दोन माणसांवर, देव जाणे. आणि मी इथे रडतेय की मला मधे घेतलं!

गोलाला दोन रेघा कमीच पडल्या.

हे लिहीत असतानाच आईचा मेसेज आला. 'दादाला सांग कागदांवर सही करून पाठव म्हणावं.' सवयीने 'सांगते' टाईप केलं. पुसलं. 'तूच सांग' लिहिलं, तेही पुसलं, फार उद्धट दिसत होतं. शेवटी नुसता दादाचा नंबर पाठवला.

पाच मिनिटांनी उत्तर: 'हा कुणाचा?'

'तुझ्या मुलाचा' असं टाईप करून ठेवलंय. अजून पाठवलेलं नाही.