मराठी चालू केलं की मॉड+डी मरायची, ते कोडं सुटलं

काल रात्री सव्वाअकराला कीबोर्डवरचा कॅप्सचा दिवा लागला, मी मॉड+डी (मॉड म्हणजे शॉर्टकटसाठी ठरवलेलं बटण) दाबलं आणि डीमेन्यू, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करायची यादी, उघडला. मराठी चालू असताना! मी लिनक्सवर आयथ्री वापरतो; तो खिडक्या मांडतो आणि सगळं कीबोर्डच्या शॉर्टकटने चालवतो. मराठी टायपिंग चालू केलं की त्यातले अक्षरांचे शॉर्टकट बंद पडायचे. तीन आठवडे याच क्षणाच्या मागे होतो. घरातले झोपले होते, नाहीतर ओरडलोच असतो.

मागच्या वेळी पिकॉमचं (खिडक्या पडद्यावर रंगवणारा प्रोग्रॅम) टिअरिंग, म्हणजे चित्र मधेच फाटल्यासारखं दिसणं, मिटलं तेव्हा म्हटलं होतं की आता फक्त आयथ्रीब्लॉक्सची माहितीपट्टी लावायची राहिली. ती तशीच राहिली. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली आणि बाबांची फवारणीची वही कॅल्कमध्ये (स्प्रेडशीटचा प्रोग्रॅम) चढवायचं काम माझ्याकडे आलं. बाग पिंपळगाव बसवंतला, मी इथे म्हसरूळला. ते वहीच्या पानाचा फोटो पाठवतात, मी टाइप करतो. ‘छाटणीनंतर ३२ वा दिवस, डावणी’ (डावणी हा द्राक्षावरचा रोग) हे मराठीत, आणि मँकोझेब वगैरे औषधांची नावं डब्यावर असतात तशी इंग्रजीत. एकाच ओळीत दोन-तीनदा भाषा बदलावी लागते.

मराठी चालू केली की मॉड+डी गप्प, मॉडबरोबरचे एच-जे-के-एलही गप्प. पण मॉड+एंटर चालायचं, बाणही चालायचे. याच अर्धवटपणाने मला फिरवलं. आधी कीबोर्डवर संशय घेतला. एम. जी. रोडवरच्या एका दुकानात दाखवला, तर ‘स्विच गेलेत, नवा घ्या’ असं न उघडताच सांगितलं. स्विच गेले असते तर इंग्रजीत तीच बटणं कशी चालली असती? कीबोर्ड घेऊन परत आलो. मग आयथ्रीची सेटिंगची फाइल, म्हणजे कॉन्फिग, दोनदा वरपासून खालपर्यंत वाचली. काही सापडलं नाही.

शेवटी एक्सईव्ही (दाबलेलं बटण काय पाठवतं ते दाखवणारं टूल) उघडून ‘डी’ दाबलं आणि ओळ समोर आली: कीकोड (बटणाचा क्रमांक) ४०, कीसिम (त्यातून निघणारं अक्षर) यू०९२६. म्हणजे ‘द’. तिथेच उलगडलं. माझी जुनी भाषाबदलाची स्क्रिप्ट सेटएक्सकेबीमॅपला (लेआउट बदलणारी कमांड) नुसतं ‘इन’ (भारतीय लेआउट) आणि ‘मार-कगप’ (त्यातला मराठी प्रकार) देत होती. त्याने इंग्रजीच्या शेजारी मराठी येत नाही, इंग्रजी पुसूनच मराठी बसते. आयथ्री बाइंडसिममधलं (कॉन्फिगमध्ये अक्षर लिहून शॉर्टकट बांधायची ओळ) अक्षर पहिल्या गटात, म्हणजे यादीतल्या पहिल्या लेआउटमध्ये शोधतो आणि त्यावरून कीकोड ठरवतो. तिथे ‘डी’ उरलेलाच नाही, मग बांधणार कशाला? एंटर आणि बाण दोन्ही लेआउटमध्ये सारखेच, म्हणून ते वाचले. कॉन्फिगमध्ये चूक नव्हतीच.

(कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. आपला फोनेटिक मराठी लेआउट त्यांच्या नावाने चालतो. मला तो इनस्क्रिप्टपेक्षा (भारतीय भाषांचा प्रमाण लेआउट) हाताला फार बरा वाटतो.)

पहिला उपाय बाइंडकोडचा, म्हणजे अक्षराऐवजी कीकोड लिहून बांधायचा, केला. ४० म्हणजे डी, ४३ ते ४६ म्हणजे एच-जे-के-एल. चाललं, पण सगळ्या ओळी नुसत्या आकड्यांच्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मलाच वाचता येईना. बाइंडकोड एखाद्या विचित्र बटणासाठी ठीक, सगळं कॉन्फिग त्यात लिहू नये असं माझं मत पक्कं झालं. सगळं परत फिरवलं.

खरा उपाय दोन्ही लेआउट एकदम द्यायचा: ‘यूएस,इन’, म्हणजे आधी इंग्रजी, मग मराठी. क्रम महत्त्वाचा. ‘इन,यूएस’ केलंत तर पहिला गट मराठी होतो आणि तेच दुखणं परत येतं. माझा अख्खा रविवार मात्र व्हेरिएंटमध्ये, म्हणजे लेआउटचा प्रकार लिहायच्या जागी, गेला. तिथे मार-कगपच्या आधी स्वल्पविराम हवा, कारण पहिली जागा यूएसची आणि ती रिकामी ठेवायची. मी स्वल्पविराम न देता लिहीत होतो. मग सेटएक्सकेबीमॅप यूएसमध्ये मार-कगप शोधायचा आणि नवीन कीबोर्ड वर्णन लोड होत नाही म्हणून एरर द्यायचा. एका स्वल्पविरामासाठी रविवार!

ऑप्शनमध्ये कॅप्सवर टॉगल आणि कॅप्सच्या दिव्यावर गट दाखवणं, असे दोन्ही दिले. पण जुन्या ऑल्ट-शिफ्टनेही भाषा बदलत राहिली. सेटएक्सकेबीमॅप नवे ऑप्शन जुन्यांत मिसळतो, जुने काढत नाही. आधी रिकामा ऑप्शन देऊन सगळं साफ करा, मग नवे द्या. खात्री करायची तर त्याचीच क्वेरी चालवून बघा.

परवा लाइट जाऊन आली, घाईत कीबोर्डची वायर काढून लावली, आणि सगळं पुसलं गेलं. नव्याने जोडलेला कीबोर्ड सिस्टमची मूळ सेटिंग उचलतो. डेबियन लिनक्सवर ती एटसी-डिफॉल्टमधल्या कीबोर्ड फाइलमध्ये असते. लेआउट, व्हेरिएंट, ऑप्शन तिथेच लिहून रीबूट केलं. काल रात्री दिवा लागला तो त्यानंतर. मुद्दाम तीनदा वायर काढून पाहिली. तिन्ही वेळा टिकलं.

आता पट्टीकडे वळायचं ठरवलं होतं, पण लिहितालिहिता दुसरंच सुचलं. आयथ्रीचे विंडो-इव्हेंट (कोणती खिडकी पुढे आली ते) ऐकायचे आणि एक्सकेबी-स्विच या कमांडने खिडकीप्रमाणे भाषा बदलायची: टर्मिनल आलं की इंग्रजी, कॅल्क आलं की मराठी. नाही, थांबा. कॅल्कच्या एकाच ओळीत दोन्ही भाषा लागतात, तिथे याचा उपयोग नाही. फक्त टर्मिनलपुरतं करतो. कमांड लिहिताना मधेच ‘द’ उमटला की लय तुटते.

स्वेमध्ये (वेलँड या नव्या डिस्प्ले-पद्धतीवर चालणारा, आयथ्रीसारखाच) बाइंडसिमला ‘टू-कोड’ जोडलं की अक्षर लिहूनही बांधणी कीकोडवर होते, हे फार आवडलं. पण फवारणीच्या नोंदी रोज चालू असताना वेलँडवर उडी मारणार नाही. काढणी उरकली की बघू.

त्याआधी रविवारी पिंपळगावला जाऊन बाबांच्या मशिनवर हेच बसवायचंय. तिथे ताईही टाइप करते आणि तिचे हात इनस्क्रिप्टवर बसलेत. एक्सकेबीत (लेआउट सांभाळणारी यंत्रणा) चार गट बसतात, पण तिसरा घातला तर कॅप्स दाबताना तिन्हींतून फिरावं लागेल. ताईसाठी वेगळं लॉगिनच करतो.