मोठेपणी कोण, आणि मोठेपणी व्हॉट

लहान पोरं दिसली की मोठ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो, काय रे, मोठेपणी कोण होणार? इंग्रजीत हाच प्रश्न येतो व्हॉट डू यू वॉन्ट टू बी, म्हणजे आपण विचारतो कोण आणि ते विचारतात काय. व्हॉटच्या जागी हू टाकून बघा, प्रश्नाचा नूरच पालटतो, एकदम कुणीतरी आपल्याला समुपदेशनाला बसवलंय असं वाटायला लागतं. आणि उलट मराठीत 'हा मोठेपणी काय होणार' असं म्हटलं तर त्यात चौकशी कमी आणि काळजीच जास्त, या पोराचं पुढे काय होणार देव जाणे, असा सूर.

हे असलं काहीतरी माझ्या डोक्यात सारखं चालू असतं कारण ओळखीपाळखीतल्या लोकांचे रेझ्युमे आणि कव्हर लेटरं वाचून द्यायचं काम कसं कोण जाणे माझ्याकडे आलंय, आणि त्या कागदांत दुसरं असतं काय, टू, मग एक क्रियापद, मग एखादी भूमिका. टू वर्क ॲज अमुक, टू बी अपॉइंटेड तमुक. लोक डोकं खाजवतात ते शेवटच्या नामावर, मॅनेजर लिहू की सीनियर मॅनेजर, लीड की हेड. आणि मला कायम वाटतं की अरे बाबा, त्या पदाचं वजन आधीच्या क्रियापदानेच ठरवून टाकलंय, तू नाम कितीही पॉलिश कर.

आता ॲज घ्या. हा ॲज म्हणजे मुळात ऑल्सोचाच झिजून झिजून उरलेला तुकडा, स्वतः काहीच ठरवत नाही, निव्वळ खुंटी. पुढे कुठलीही भूमिका टांगा, ती पक्की की तकलादू हे मागचं क्रियापद सांगणार. टू वर्क ॲज अ टीचर म्हणजे सरळ नोकरी, पगार, हजेरी. टू सर्व्ह ॲज म्हटलं की लगेच मान आला, कारकीर्द आली, निरोप समारंभ आला. टू ॲक्ट ॲज म्हणजे तात्पुरती व्यवस्था, खरा माणूस येईपर्यंत तुम्ही सांभाळा. टू डबल ॲज हे बहुतेक वस्तूंच्या नशिबी, सोफा रात्री बेड होतो तेव्हा, पण छोट्या ऑफिसात माणसांच्याही नशिबी येतं, अकाउंटंटच एचआर असतो. आणि टू पोज ॲज म्हटलं की संपलंच, पुढे पोलीस असो की डॉक्टर असो, बातमी फसवणुकीचीच. पोलीस हा शब्द सगळीकडे तोच आहे हां, त्याचं स्पेलिंगही बदललेलं नाही.

ॲजच्या जागी लाइक आलं तर अजूनच मजा. टू वर्क ॲज अ स्लेव्ह म्हणजे खरोखरचा गुलाम, आणि टू वर्क लाइक अ स्लेव्ह म्हणजे महिनाअखेरीला तुम्ही आम्ही सगळेच.

मराठीत याला आपल्याकडे एकच हुकमी शब्द, म्हणून. पण गंमत अशी की आपणही सगळं वजन क्रियापदावरच टाकतो, फक्त आपलं क्रियापद शेवटी येतं त्यामुळे निकाल शेवटपर्यंत कळत नाही. तो साहेब म्हणून रुजू झाला, साहेब म्हणून काम पाहतो, साहेब म्हणून मिरवतो, साहेब म्हणून वावरतो, साहेब म्हणून खपून गेला. पहिले दोन शब्द पाचही ठिकाणी तेच आणि माणूस दर वेळी वेगळा. मिरवतो आणि खपून गेला यात जो फरक आहे तो इंग्रजीत एका शब्दात आणून दाखवा, मी मानेन. खपून गेलासाठी पास फॉर आहे, ते ठीक, पण मिरवतोला माझ्या मते तोड नाही.

या म्हणूनमुळेच आपल्या इंग्रजीत एक ॲज जास्तीचा घुसतो. इट इज कॉल्ड ॲज, धिस इज टर्म्ड ॲज, दे मेड हिम ॲज कॅप्टन. आपल्या कानाला अगदी बरोबर वाटतं कारण आपण 'त्याला भाऊ म्हणून हाक मारतात' असंच बोलतो. इंग्रजीत मात्र कॉल आणि मेक यांना ॲज अजिबात खपत नाही, अपॉइंट आणि इलेक्ट यांना चालतं आणि नसलं तरी चालतं, आणि रिगार्डला त्याच्याशिवाय चालतच नाही. आता यात तर्क काय म्हणाल तर फारसा नाही, ज्या त्या क्रियापदाची सवय आहे. शिकवणारे याचे तक्ते करून देतात आणि शिकणारे ते पाठ करून दुसऱ्या दिवशी विसरतात, माझ्या मते वाचत राहून कान तयार होतो तोच खरा.

ए आणि द चं प्रकरण त्याहून बारीक आहे पण त्यात जरा तरी अर्थ आहे. टू बिकम अ टीचर यात ए लागतंच, ही बिकेम टीचर म्हटलं की वाक्य लंगडतं, पण टू बी इलेक्टेड प्रेसिडेंट किंवा टू बी अपॉइंटेड कॅप्टन यात काहीच लागत नाही. कारण शिक्षक पुष्कळ असतात आणि तुम्ही त्यातले एक, पण कॅप्टन एका वेळी एकच, तिथे माणूस गर्दीत सामील होत नाही, रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसतो. आणि मग टू टर्न ट्रेटर आहेच, गद्दार तर ढिगाने असतात तरी तिथेही ए नाही! टर्न घेतलं की माणूस कूस बदलल्यासारखा आख्खाच पालटतो, एक गद्दार झाला की अनेकांतला एक झाला हे मोजत बसायला वेळच नाही, असं मी आपलं माझ्यापुरतं समजून घेतलंय.

टू या दोन अक्षरी प्राण्याबद्दल पण थोडं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाच्या या रूपाला स्वतःचा प्रत्यय होता आणि टू म्हणजे निव्वळ कडे, एखाद्या कामाकडे, त्यासाठी. प्रत्यय पुढे झिजून गेला आणि टू राहिलं ते चिकटूनच राहिलं. त्यामुळे टू दिसलं की आपल्याला 'साठी' आठवतं आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं, पण शी ग्रू अप टू बी अ डॉक्टर या वाक्यात सगळा घोळ होतो. यात हेतू काहीच नाही, ती मोठी झाली आणि डॉक्टर झाली, एवढंच, लहानपणी तिला कदाचित ट्रेन चालवायची असेल. याचं 'ती डॉक्टर होण्यासाठी मोठी झाली' असं केलं की बिचारी पाळण्यापासूनच अभ्यासाला बसलेली दिसायला लागते. ही लिव्ह्ड टू बी नाइन्टी याचं तर तो नव्वद वर्षांचा होण्यासाठी जगला असं होतं, जसं काही टार्गेट दिलेलं होतं.

अजून एक टूची जागा मला फार आवडते, फर्स्ट टू वाली. व्हॅलेंतिना तेरेश्कोवा 1963 मध्ये अंतराळात गेल्या, द फर्स्ट वुमन टू फ्लाय इन स्पेस. सिरिमावो बंदरनायके 1960 मध्ये श्रीलंकेत, तेव्हाच्या सिलोनमध्ये, पंतप्रधान झाल्या, जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान, द फर्स्ट वुमन टू बिकम प्राइम मिनिस्टर. घटना साठ-पासष्ट वर्षांपूर्वी होऊन गेली आणि वाक्यात टू बिकम, भूतकाळाची खूणही नाही, जणू अजून व्हायचंच आहे. पण हसायला जाऊ नका, आपणही 'अंतराळात जाणारी पहिली स्त्री' असंच म्हणतो, आणि 'उद्या जाणारी गाडी' यातलंही जाणारी तेच. दोन्ही भाषांना पहिलेपणा सांगताना काळाचं भान राहत नाही बहुतेक.

बरं, ती भूमिका नक्की पडणार कोणाच्या गळ्यात, हेही क्रियापदच ठरवतं. ही आस्क्ड हर टू बी द गॅरंटर, यात जामीन ती. ही प्रॉमिस्ड हर टू बी द गॅरंटर, यात जामीन तो. शब्द एकच बदलला आणि कर्ज एका घरातून दुसऱ्या घरात गेलं. मराठीत तर आपण शेपटीही बदलतो, त्याने तिला जामीन राहायला सांगितलं आणि त्याने तिला जामीन राहायचं कबूल केलं. राहायला आणि राहायचं यातला फरक आपल्याला कोणी कधी शिकवलेला नसतो, तरी जामीन राहायची वेळ आली की बरोबर कळतो.

रेझ्युमेवाल्यांसाठी जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. आय प्लेड अ रोल टू इम्प्रूव्ह सेल्स असं ढीगभर लोक लिहितात. माय रोल वॉज टू इम्प्रूव्ह सेल्स हे बरोबर, तिथे रोलपुढे टू छान बसतं. पण प्ले आलं की टू जातं आणि इन इम्प्रूव्हिंग येतं. आणि खरं सांगू का, प्लेड अ रोल इन लिहूच नका, वाचणाऱ्याला सरळ कळतं की काम दुसऱ्याने केलं आणि तुम्ही मीटिंगला होतात.

सगळ्यात धमाल येते ती इंग्रजी भाषा मधला ॲज, बी, बिकम सगळं उडवून भूमिकेलाच क्रियापद करते तेव्हा. टू कॅप्टन, टू होस्ट, टू कोच, इथपर्यंत सगळं शिस्तीत, कॅप्टन जे करतो ते करणे. पण टू फादर म्हणजे जन्माला घालणे, बस, काम संपलं. आणि टू मदर म्हणजे आयुष्यभर मागे मागे फिरणे, जेवलास का, स्वेटर घाल, तेही समोरचा नको नको म्हणत असताना. दोन नाती एकाच साच्यात घातली आणि हे असं बाहेर आलं, इंग्रजीने अगदी शांतपणे सांगून टाकलं की कोण किती वेळ ड्यूटीवर होतं. नर्सचं तसं बरं आहे, शुश्रूषा करणे, फक्त तिला रागही जपायला लावतात, टू नर्स अ ग्रज. बुचर म्हणजे एखाद्या गोष्टीची वाट लावणे. काही ठिकाणी तर माणूस आधी आला आणि क्रिया त्याच्या मागून, एडिटर हा शब्द आधीपासून होता आणि टू एडिट त्याच्यातून पुढे कापून काढलं, बेबीसिटरचंही तसंच.

आपण असं नाम उचलून थेट क्रियापद नाही करत, आपण मागे शेपूट लावतो आणि करणे म्हणतो, आणि सगळा शेरा त्या शेपटात. वकिली, हमाली, दलाली, इथे नुसती ई, पण वकिलीत पोट भरतं आणि दलाली म्हटलं की भुवई वर जाते. मास्तरकीत थोडी कीव आहे आणि थोडी माया. गिरी लागली की बहुतेक वेळा काहीतरी काळंबेरंच, दादागिरी, चमचेगिरी, हेरगिरी, कामगिरी तेवढी एकटी सभ्य निघाली. पुढारपण करणे म्हणजे नेतृत्व करणे नव्हे हे सांगायला नको. पण डॉक्टरकी मात्र आपल्याकडे अजून अब्रूदार आहे, कोणी डॉक्टरकी करतो म्हटलं की लोक लगेच आपलं गुडघ्याचं दुखणं सांगायला लागतात, आणि इंग्रजीत टू डॉक्टर म्हटलं तर ऑडिटवाले येतात, कारण तिथे त्याचा एक अर्थ कागदपत्रांत फेरफार करणे.