धाकट्या भावासाठीचा अर्ज

आज अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, माझ्या घरी बसून धाकट्या भावासाठी आय-१३० हा नातेवाइकाला कायमचे इकडे बोलावण्याचा अर्ज अखेर भरला. भावंडांच्या एफ-४ वर्गात जगभरासाठी वर्षाला ६५,००० व्हिसा आणि शिवाय एका देशासाठी ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग दीड दशकाहून लांब आहे. बारावीतली पुतणी तोवर आईवडिलांबरोबर येण्यासाठीची २१ वर्षांची अट ओलांडून जाईल, हे भावाला स्पष्ट सांगितले. खरे कष्ट पडले ते नाते सिद्ध करताना, कारण माझ्या जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे नाव आहे, त्याच्या दाखल्यावर सासरचे. पूर्वी साताऱ्याला कॉलिंग कार्डावर मिनिटे मोजत बोलायचो. आज व्हॉट्सअ‍ॅपवर निवांत एकेक कागद पडताळला. ‘एवढ्या वर्षांनी तिकडे येऊन करायचे काय?’ हा भावजयीचा प्रश्न मात्र मला रास्तच वाटतो.