चालू इंजिन खोललं कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

गाडीचं रनिंग दोन लाखांच्या पुढे, पण पिकअप शाबूत, धूर नाही, आवाज नाही. मग चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवून बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा रॉड क्रँकशाफ्टला जोडतो तिथली) का बदलली? भेटेल तो हेच विचारतो, आणि कुणीतरी घाबरवून पैसे काढले असणार, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मला कुणीही घाबरवलं नाही.

बेअरिंगचा आवाज यायची वाट बघायची नसते. क्रँकचा जर्नल (रॉड बसतो तो गोल गुळगुळीत भाग) आणि शेल (बेअरिंगची अर्धगोल पातळ वाटी) यांच्यातली फट जर्नलच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाइतकी, म्हणजे 50 मिलिमीटरला जेमतेम 0.05. तेवढ्या फटीतला ऑइलचा थर धातूला धातू लागू देत नाही. रॉडची ठकठक कानावर येते तोवर बहुधा क्रँकवरही चरे पडलेले असतात. आणि हा फक्त जुन्या गाड्यांचा आजार नाही. आठ हजार आरपीएमपर्यंत जाणाऱ्या ई-46 एम-थ्री या स्पोर्ट्स कारची रॉड बेअरिंग बीएमडब्ल्यूनं 2003 मध्ये स्वतःहून बदलून दिली होती, तेव्हा त्या गाड्या नव्याच होत्या. माझी गाडी ती नव्हे, पण तिचंही इंजिन तसंच वर फिरणारं.

ऑइल बदलताना मी फिल्टर कापून बघतो. त्या खेपेला घड्या उलगडून पांढऱ्या कागदावर पसरल्या आणि उन्हात धरल्या, तर बारीक चमक दिसली. लोहचुंबक फिरवलं, एकही कण चिकटला नाही. पोलाद असतं तर चिकटलं असतं. म्हणजे संशय थेट शेलच्या अस्तरावर. इंजिन चालू करून किती वेळ कान लावून उभा राहिलो. घड्याळासारखं चालत होतं. खरं सांगतो, त्या सुरळीत आवाजाचाच राग आला. रात्री झोप लागली नाही.

चेंबर उतरलं, रॉडला खालून धरणारी एकेक कॅप सुटली. खालचे शेल करडे, जवळपास नव्यासारखे. वरचे, ज्यांच्यावर प्रत्येक स्फोटाचा दाब येतो, त्यातल्या दोघांचा करडा थर मधोमध उडालेला आणि खालून तांबूस पट्टा उघडा पडलेला. जर्नलवरून नख फिरवलं. कुठेही अडकलं नाही. तेव्हा कुठे जिवात जीव आला. नवे शेल बसवले आणि रॉडचे बोल्टही नवे घातले, कारण एकदा ताण देऊन आवळलेले ते बोल्ट परत वापरायचे नसतात.

आता तुम्ही म्हणाल, बाकीचे शेल तर अजून चालले असते. असते. तांबं दिसलं म्हणजे बेअरिंग गेलंच असंही नाही. ‘चालतंय त्याला हात लावू नये’ हे वर्षानुवर्षं मीच सगळ्यांना सांगत आलो, आणि ते खोटं नव्हतं: उघडलेल्या इंजिनात कचऱ्याचा एक कण राहिला किंवा एक बोल्ट कमीजास्त आवळला गेला, तर नसलेलं दुखणं लागतं. त्या जुन्या मताला खोडून काढता येईल असं माझ्याकडे आजही काही नाही. मात्र तो तांबूस पट्टा मी बोटाखाली पाहिला आहे.

अजून रेडलाइनपर्यंत, म्हणजे आरपीएमच्या काट्याच्या लाल खुणेपर्यंत, नेतो का? हो. पाण्याचा काटा लवकर मधोमध येतो, ऑइल मात्र तेव्हाही थंडच असतं; ते तापेपर्यंत थांबतो, मग नेतो.

‘इंजिन खोललेलं’ म्हणून विकताना भाव पडेल, हेही ऐकून झालं. जुने शेल मी सिलिंडरचा नंबर टाकून ठेवलेत. घेणाऱ्यानं आधी ते हातात घेऊन बघावेत, मग भाव करावा.