रिव्हरसाइडच्या गिअरची कटकट थांबली: दोष हँगरचा

माझ्या रिव्हरसाइड सायकलीचे गिअर नीट पडत नाहीत असे मागच्या नोंदीत लिहिले होते; ती कटकट अखेर थांबली. डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग), केबल, चेन यांपैकी कशातच दोष नव्हता. डिरेलर ज्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो, तो हँगर आत वाकला होता. खानापूरहून येताना सायकल टेम्पोत उजव्या अंगावर आडवी होती आणि तिच्यावर इतर सायकली रचल्या होत्या, तेव्हाच हे झाले असावे.

लक्षण मात्र चकवणारे होते. बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण कमीजास्त करणारा स्क्रू) फिरवून मागच्या चाकाचे लहान कॉग (दातेरी चकत्या) जुळवले की मोठ्यांवर चेन घासे आणि मोठे जुळवले की लहानांवर ती उड्या मारी. आठ गिअरच्या कॅसेटमध्ये, म्हणजे कॉगच्या संचात, लगतच्या दोन कॉगमधले मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर ४.८ मिलिमीटर असते. हँगर जरासा तिरका झाला तरी डिरेलरची पुली कॉगच्या रेषेत राहत नाही आणि केबल कितीही ताणली तरी एका टोकाला सुधारलेले दुसऱ्या टोकाला बिघडते. बेळगावच्या कॅम्पातल्या सायकलवाल्या मामांनी मागून नुसती नजर टाकली आणि म्हणाले, "आधी हँगर बघा, केबल मग पिळा."

एवढ्यासाठी हँगर सरळ आहे का ते मोजणारे गेज विकत घेणे मला पटत नाही. हँगरचे आटे आणि क्विक रिलीज (खटक्याने चाक सुटण्याची सोय) असलेल्या मागच्या चाकाच्या एक्सलचे आटे बहुधा एकच असतात: व्यास १० मिलिमीटर, पिच १ मिलिमीटर. म्हणून डिरेलर काढून मित्राचे जुने चाक थेट हँगरमध्ये फिरवून बसवले आणि दोन्ही रिममधले अंतर वर, खाली, पुढे, मागे पट्टीने मोजले. खाली ते स्पष्टच कमी भरले. त्याच चाकाला हलका, सावकाश दाब देत अंतर सारखे केले आणि राजहंसगडाच्या चढावर आठही गिअर निमूटपणे पडले. त्या चढावर इतके समाधान याआधी क्वचितच मिळाले असेल.

डेकॅथलॉनने आपल्या घरच्या सायकलींना रॉकरायडर, रिव्हरसाइड, ट्रायबन अशी प्रकारवार नावे दिली, पण माझ्या सायकलीचे बहुतेक भाग सर्रास मिळणारे आहेत, आणि स्वस्त सायकलीचे खरे मोल मला त्यातच दिसते. हँगर तेवढा अपवाद, कारण त्याचा आकार फ्रेमनुसार बदलतो. सायकलीचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये सर्वांसाठी एकच हँगर आणला खरा, पण तो थ्रू-एक्सलच्या (आरपार जाणाऱ्या जाड एक्सलच्या) फ्रेमसाठी असल्याने आपल्या कामाचा नाही.

एकदा वाकवून सरळ केलेल्या ॲल्युमिनियमचा भरवसा धरता येत नाही, म्हणून सुटा हँगर मागवणार होतो. हे लिहितानाच सुचले की उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसीची (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी धातू कापण्याची) इतकी कामे चालतात, तर नमुना देऊन तिथेच दोन करून घ्यावेत. पोलादाचे नकोत, पडल्यावर हँगरने वाकावे आणि फ्रेम वाचावी, यासाठीच तर तो मऊ ठेवलेला असतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंपैकी ६०६१ घ्यावे की ७०७५, हे ज्यांनी हँगर करून घेतले आहेत त्यांनी सांगावे. तोवर चोर्ला घाटाचा बेत पुढे ढकलला आहे.