पाणवठे वाढवले की झाले का?

"उन्हाळा दरवर्षी कडक होत चालला आहे, मग ताडोब्यात पाणवठे वाढवले की वाघ वाचतील ना?" मी चंद्रपूरची आहे असे कळले की पाहुणे हा प्रश्न हमखास विचारतात, आणि काही जण तर टाकी बांधायला लगेच पैसेही देऊ करतात.

पाण्याची गरज आहे, यात वाद नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बहुतेक नाले कोरडे पडतात. एका बुद्धपौर्णिमेला मी मचाणावर बसले होते. सौरपंपाने भरलेल्या पाणवठ्यावर एक वाघीण आली, वळली आणि पाठमोरी पाण्यात उतरून मानेपर्यंत बुडून बसली. ती तासभर जागची हलली नाही आणि तहानलेली चितळे बांबूच्या आड ताटकळत राहिली. सगळ्यांना एकाच जागी यावे लागते हे आपल्याला दिसते, तसे पाण्यात विष कालवणाऱ्यालाही दिसते.

माझी खरी काळजी मात्र जंगलाच्या काठाची आहे. मोहफुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात, मागोमाग तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, आणि ऊन जितके लवकर चटकू लागते तितक्या अंधारात बायका टोपली घेऊन घराबाहेर पडतात; वाघही गारवा असेपर्यंतच फिरतो. वाकून फुले वेचणारे माणूस त्याला माणसासारखे दिसत नाही, असे आमच्याकडचे जुने लोक सांगतात.

२०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. त्यांतले कितीतरी ब्रह्मपुरीसारख्या, व्याघ्रप्रकल्पाबाहेरच्या वनविभागात शेतांच्या शेजारी राहतात. वयात आलेल्या नराला स्वतःचा इलाखा शोधायला उमरेड-कऱ्हांडला, नागझिरा किंवा तेलंगणातील कावल या जंगलांच्या दिशेने निघावेच लागते, आणि पाणी, सावज यांचे गणित बिघडले तर ही वाट त्याला अधिकच लागेल. त्या वाटेवर कालवे आहेत, रानडुकरांसाठी शेताभोवती सोडलेल्या वीजप्रवाहाच्या तारा आहेत, आणि २०१८ मध्ये ज्यावर तीन बछडे रेल्वेखाली सापडले तो गोंदियाचा लोहमार्गही आहे. पेंचजवळ महामार्ग उचलून घेतला, तर त्याखालून वाघ जाऊ लागले; म्हणजे हे जमते, फक्त खर्चिक असते.

म्हणून परवा एका गृहस्थांना मी सुचवले की टाकीऐवजी एखाद्या शेतकऱ्याच्या सौरकुंपणाला, म्हणजे नुसता झटका देणाऱ्या, जीव न घेणाऱ्या कुंपणाला, हातभार लावा, म्हणजे तो जिवंत तार सोडणार नाही. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, "पण कुंपणावर नावाची पाटी लावता येते का?"