माटोळीतलं सीताफळ

गणेशचवथीची सुट्टी संपली की पहिल्या सोमवारी आमच्या आरोग्य केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. नेवऱ्या खाऊन पोट बिघडलेले, मुंबईहून ताप घेऊन आलेले, फटाक्याने बोट भाजलेले. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात नर्स म्हणून माझी चौदा वर्षं झाली, तरी ह्या सोमवारची मला धडकी भरते.

त्यातच एक आजी आठेक वर्षांच्या नातीला जवळजवळ उचलूनच घेऊन आली. पोरीचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले, गालांवर पाण्याच्या धारा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. "डोळे आलेत," आजी म्हणाली. पावसाळ्यात डोळे येणं आम्हाला काही नवं नाही. डॉक्टरांनी रांगेकडे एक नजर टाकून थेंब लिहिले आणि मीही फारसा विचार न करता बाटली उघडली.

पण हनुवटी वर करायला गेले तर पोर किंचाळलीच. डोळे आलेल्या मुलांच्या पापण्या चिकटतात, टोचतं, तरी ती थोडं तरी उघडून दाखवतात. हिला खिडकीतला उजेडसुद्धा सोसत नव्हता. शिवाय टॉवेलखालून खोबरेल तेलाचा वास येत होता आणि कपाळावर, केस सुरू होतात तिथे, तपकिरी भुकटी चिकटलेली.

"आजी, माथ्याला काय लावलंत?"

"काय नाही गो. तेल."

"तेलात काय घातलंत?"

आजीने बाकावरच्या माणसांकडे पाहिलं. सगळी गावातलीच. मी दोघींना ड्रेसिंगच्या खोलीत नेलं, दार लावलं, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. चवथीला मूळ घरी सगळी भावंडं जमली, सात-आठ पोरं एका चटईवर झोपली, आणि हिचं डोकं खाजायला लागलं. शाळेत कळलं तर? म्हणून सून कामावर जायच्या आधीच, पहाटे, आजीने गेल्या वर्षीच्या माटोळीतल्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं टांगतात त्या मांडवीतल्या, सीताफळाच्या सुकवून ठेवलेल्या बिया कुटून तेलात कालवल्या आणि माथ्याला चोपडल्या. मग गरम पाण्याने न्हाऊ घातलं. न्हाताना ते सगळं डोळ्यांत ओघळलं.

आजी अडाणी नव्हती, हे मला सांगायलाच हवं. सीताफळाच्या बियांत कीटकनाशक द्रव्यं असतात, त्याने उवा मरतातही. पण तीच भुकटी डोळ्यात गेली की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वरची साल सोलून काढते. आणि लगेच फार दुखेलच असं नाही. काही तासांनी ठणका लागतो, तोवर न्हाण्याची गोष्ट कोण सांगतंय!

डॉक्टरांना बोलावलं. आधी बधिर करणारे थेंब घातले, मग सलाईनची बाटली टांगून नळीनेच एकेक डोळा धुवायला घेतला. पोर माझी ओढणी मुठीत धरून होती. वरची पापणी उलटली तर आत तिळाएवढा तपकिरी कण बसलेला. ओल्या कापसाच्या टोकाने तो काढला. मग रंगाचा थेंब घालून निळा उजेड टाकला, तर बुबुळाचा निम्मा भाग हिरवा चमकला. जिथे साल गेलेली तिथेच तो रंग धरतो. दुसऱ्या डोळ्यात थोडं कमी. १०८ बोलावून पोरीला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या डोळ्यांच्या विभागात पाठवलं. चिठ्ठी लिहिताना आजी पुटपुटली, "त्यावर उवा लिहू नको गो." मी 'सीताफळाच्या बियांची पूड, तेलातून, डोक्याला' एवढंच लिहिलं. वाचणाऱ्याला कळायचं ते कळणारच.

घरी मात्र माझ्या मनातून ती थेंबांची बाटली जाईना. टॉवेल जरा घट्ट बांधलेला असता तर मी थेंब घालून तिला घरी पाठवलं असतं.

आठवडाभरात डोळे निवळले. तोवर डोक्याला औषध नको म्हणून आजीला फक्त ओल्या केसांतून फणी फिरवायला सांगितली होती. मग परमेथ्रिनचं एक टक्क्याचं लोशन केंद्रातच लावलं, डोळ्यांवर घडी केलेला रुमाल धरून, दहा मिनिटं. नऊ दिवसांनी परत बोलावलं. लोशनने जिवंत उवा मरतात, पण लिखा बऱ्याचदा तगतात; त्या आठ-नऊ दिवसांत फुटतात, आणि बाहेर पडलेल्या पिल्लांनी स्वतः अंडी घालण्याआधी दुसरा हात मारावा लागतो. सोबत झोपलेल्या भावंडांचीही डोकी बघा म्हटलं. ऊ उडत नाही की उडी मारत नाही, माथ्याला माथा लागला की चालत जाते. आजीने फोन केले म्हणे, पण पर्वरीची धाकटी सून रागावली. "आमच्याकडे असलं काही नसतं!"

नवव्या दिवशी पांढऱ्या कागदावर पोरीचे केस विंचरले. दोन मेलेल्या उवा पडल्या. केसांवर मुळापासून जराशा लांब सरकलेल्या रिकाम्या लिखा तेवढ्या उरल्या होत्या. पोर त्या मोजत बसली. आजी उठली, दाराची कडी लावून आली आणि स्टुलावर बसून अंबाडा सोडला.

"आता माझ्यातही बघ गो बाय."